दाराबाहेरचं स्टूल

बंद दार दिसलं की माझं डोकं फिरतं. कुठल्याही ऑफिसात गेले आणि समोर पडदा, पडद्यामागं दार, दाराबाहेर शिपाई असं दिसलं, की आतल्या साहेबाचं तोंड न बघताच मी त्याच्यावर चिडलेली असते. घरचे म्हणतात, तुला काय दाराचं भूत लागलंय का? लागलंय, हाव.

त्याला कारण माझे वडील. नांदेडला एका सरकारी ऑफिसात ते शिपाई होते आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी साहेबाच्या दाराबाहेर एका लाकडी स्टुलावर बसून काढली. शनिवारी माझी सकाळची शाळा असायची. घरी येऊन मी त्यांचा डबा घेऊन जायचे. मला बघून ते हसायचे, झाकण उघडायचे, आणि पहिला घास तोंडात जातोय तोवर आतून घंटी वाजायची. हात तसाच, उठून पडद्याआड. परत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा घंटी. एकदा मी मोजलं, एक भाकरी संपेपर्यंत ते सात वेळा उठले. आत काय चालतं ते मला कधी दिसलं नाही, साहेब तर नाहीच दिसला. दिसायचा तो पडदा आणि त्याच्या बाहेर माझा बाप. तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं की मोठी होऊन साहेब व्हायचं आणि आपल्या ऑफिसाला दारच ठेवायचं नाही.

झाले साहेब. परीक्षा दिल्या, किनवटला राहिले, उमरीला राहिले, आणि केस पिकायला लागल्यावर लातूरला एका ऑफिसची प्रमुख होऊन आले. खात्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडं लोक अर्ज घेऊन येतात, एवढं कळलं तरी पुरे. माझं नशीब असं की त्याच वर्षी ऑफिसच्या नूतनीकरणाला मंजुरी आली.

आराखडा काढायला एक तरुण डिझायनर आला होता. पोरगा हुशार. लॅपटॉप उघडून त्यानं मला माझी केबिन दाखवली, तिची दुधी काच दाखवली, कर्मचाऱ्यांमधली खांद्याइतकी पार्टिशनं दाखवली. मी म्हणाले, "हे सगळं काढा. एकच हॉल करा. माझं टेबलसुद्धा सगळ्यांच्या रांगेत."

"मॅडम, थोडी प्रायव्हसी लागते हो माणसाला."

"प्रायव्हसी चोराला लागते," मी म्हणाले.

बिचाऱ्यानं लॅपटॉपवरची पार्टिशनं पुसून टाकली. मग त्यानं कोपऱ्यातल्या रेकॉर्ड रूमचं विचारलं. लहानशी अंधारी खोली, फायली ठेवायचे लाकडी घोडे आणि कागदांचे गठ्ठे यांनी भरलेली. गठ्ठे स्कॅन होऊन जिल्ह्याच्या गोदामात चालले होते. मी म्हणाले, पाडा. भिंत पडली तेव्हा मागच्या खिडकीतून सरळ माझ्या टेबलापर्यंत ऊन आलं आणि मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली.

हॉल झाला देखणा. दुसऱ्या ऑफिसातले लोक बघायला यायचे. एक म्हातारबाबा अर्ज घेऊन थेट माझ्यापाशी आले आणि विचारलं, "मोठ्या म्याडम कुठं बसत्यात?" मी म्हणाले, "मीच ती." त्यांना काही पटलं नाही. इकडंतिकडं बघत म्हणाले, "आस्सं कुठं आस्तंय व्हय, दार न्हाई, शिपाई न्हाई." पुढं महिनाभर मी हा किस्सा भेटेल त्याला सांगत होते.

आमच्याकडं एक तरुण क्लार्क होती. शिरूर अनंतपाळकडची, घरात परीक्षा देऊन नोकरीला लागलेली पहिलीच. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून ती नव्या हॉलमध्ये रुजू झाली. बाळ सासूपाशी ठेवून रोज बसनं जाऊन येऊन करायची. कामाला चोख, बोलायला कमी. पण रोज बाराच्या सुमाराला ती उठायची, पर्समधून एक छोटा स्टीलचा डबा काढायची आणि अर्धा-पाऊण तास नाहीशी व्हायची. पूर्वी असतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. आता उघड्या हॉलमध्ये तिची रिकामी खुर्ची माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. पहिला आठवडा मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या जुन्या बाबूंना विचारलं, तर ते म्हणाले, "आसंल बा कुठं फोनवर."

मग एक दिवस तिच्या टेबलापुढं आठ-दहा माणसं उभी, ऊन रणरणतंय, आणि खुर्ची रिकामी. ती जिन्यातून वर आली आणि माझा पारा चढला. बसल्या जागेवरूनच मी म्हणाले, आणि माझा आवाज काही बारीक नाही, "कुठं असता हो तुम्ही रोज बारा वाजता? हे ऑफिस आहे का धर्मशाळा?"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. ती डबा हातात धरून उभी राहिली. "सॉरी मॅडम," एवढंच म्हणाली.

"उद्यापासून जेवणाची सुट्टी सोडली तर खुर्ची सोडायची नाही."

ती मान हलवून बसली. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी स्वतःचं कौतुकच वाटलं. म्हटलं, केबिनमध्ये बोलावून दटावणाऱ्यांतली मी नाही, आपलं सगळं चारचौघांत, उघड.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. साडेबारा झाले. मी एक फाईल वाचत होते. हॉलमधला गलका कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मान वर केली. तिच्यासमोरचा माणूस अर्ज हातात धरून उगाच दुसरीकडं बघत होता. जुने बाबू पंख्याकडं बघत होते. सगळ्यात शेवटी मी बघितलं. तिचा फिकट हिरवा कुर्ता समोरून दोन्हीकडं भिजला होता आणि ओल पसरत चालली होती. तिनं ओढणी ओढून घेतली, तीही भिजली. मग समोरचं रजिस्टर उचलून छातीशी धरलं आणि ती उठली. जिना हॉलच्या त्या टोकाला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये वाटेत आड व्हायला एक भिंत नव्हती. मीच एकही ठेवली नव्हती.

दोन लेकरं अंगावर पाजून वाढवलेली बाई मी. मला कळू नये? त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी तिच्या मागं गेले. जिन्याच्या वळणावर ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. रडत नव्हती. मी विचारलं, "रोज कुठं जायचीस गं?"

"पलीकडच्या गल्लीत एक ताई कपडे शिवतात. त्यांच्या दुकानात मागं बसू देतात. दूध काढून टाकावं लागतं मॅडम, नाहीतर छाती दाटते, गाठी होतात, ताप भरतो." मग म्हणाली, "आधी बाकीच्या बायका रेकॉर्ड रूममध्ये जायच्या. आतून कडी होती तिथं."

"अगं मग मला सांगायचं नाही का?"

"कुठं सांगणार मॅडम? तुमच्या टेबलापाशी बोललं की सगळ्या हॉलला ऐकू जातं."

खाली तळमजल्यावर लेकुरवाळ्या बायकांसाठी एक खोली आहे, पाटीसुद्धा आहे. मी जाऊन बघितलं. दाराला कुलूप, आणि फटीतून आत जुन्या कूलरचे सांगाडे दिसत होते. किल्ली कुणाकडं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा आला आणि माझ्यापुढं राजीनामा ठेवला. बाळ लहान असल्यामुळे, घरगुती अडचणीमुळे, असं सगळं नीट अक्षरात. मी त्याला जिन्यात नेलं, आता अक्कल आली होती तेवढी. विचारलं, "हे तिच्या मनानं आहे का तुमच्या?"

"आमच्या कशाला मॅडम? नोकरी लागली तवा आख्ख्या गावात पेढे वाटलेत आम्ही. पण परत त्या हॉलमध्ये पाय ठेवणार न्हाई म्हणती. माणसं बघून राहिली होती म्हणती."

राजीनामा मी पुढं पाठवला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. पण तो असा किती दिवस ठेवता येणार?

रविवारी नांदेडला वडिलांकडं गेले. आता ते थकलेत, पण पौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात चालत जातात अजून. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरीनं दार पाडलं म्हणून निदान ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. ते हसायलाच लागले.

"दार पाडलंस व्हय बाई? आमच्या साहेबाचं दार लई कामाचं व्हतं."

मी उसळलेच. "बाबा, त्या दारानं तुम्हाला धड जेवू दिलं नाही!"

"ते खरं हाय. पर साहेब दौऱ्यावर गेले का आत कोन बसायचं, ठाव हाय का तुला?" मला कुठलं ठाव असणार? "खेड्यापाड्यातून बाया यायच्या, कडेवर लेकरू. दिसभर उभ्या. लेकरू भुकंनं रडून राहिलं का मी तिला म्हनायचो, माय, आत जा, खुर्चीवर बस, पंखा हाय, कडी लाव. आन् मी हितं भाईर स्टुलावर. कोनी आलं का सांगायचं, साहेब मीटिंगमधी हायत."

"आणि कुणाला कळलं असतं म्हणजे?"

"गेली आस्ती नोकरी. एकडाव बडेबाबू आले आन् आत लेकरानं भोंगा लावला. म्हनले, हे काय रे? म्हनलं, साहेबाचे पाव्हने हायत."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग मी म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हाला त्या स्टुलावर बसवून ठेवलं होतं."

"बसिवलंच व्हतं की. त्याचा राग मला बी हाय, आजून हाय. पर त्या बाया आत असल्या का मंग मी माझ्या मर्जीनं बसायचो."

लातूरला आल्या आल्या डिझायनरला बोलावलं. रेकॉर्ड रूम होती त्याच कोपऱ्यात एक खोली हवी, छतापर्यंत भिंत, काच नको, आत पंखा, बेसिन, एक बरी खुर्ची आणि आतून कडी. तो हळूच म्हणाला, "मॅडम, प्रायव्हसी चोराला लागते म्हणाला होतात." पोरगं विसरलं नव्हतं.

"हाव, म्हणाले होते. माझी अक्कल तेवढीच होती. आता दार बसव."

दारावर पाटी लावू दिली नाही. कुणी फोनवर बोलायला जाईल, कुणी रडायला जाईल, कुणी मला काही सांगायला येईल. जाणाऱ्याचं काम दारावर लिहायचं कशाला? बाकी हॉल मात्र मी तसाच ठेवला. माझं टेबल आजही रांगेतच आहे.

मग एका सुट्टीच्या दिवशी बसनं तिच्या घरी गेले. सासूनं चहा टाकला. बाळ माझा चष्मा ओढत होतं. मी आधी ठरवलं होतं की हॉलमध्ये सगळ्यांदेखत तिची माफी मागायची, कारण बोलले तेही सगळ्यांदेखत होते. बसमध्ये लक्षात आलं की बये, तू परत तेच करायला निघालीस. तेव्हा तिथंच, चुलीपाशी, म्हणाले, "चुकलं माझं. खोली केलीय. आतून कडी आहे." राजीनाम्याचं पाकीट तिच्या हातात दिलं. "फाडायचा का परत आणून द्यायचा, ते तू ठरव."

ती म्हणाली, "बघते मॅडम."

सोमवारी ती आली. मला वाटलं, जिंकलं. पण पाकीट तिच्या पर्सच्या तोंडाशी तसंच दिसत होतं. बारा वाजले. तिनं कोपऱ्यातल्या दाराकडं बघितलं आणि पुन्हा कीबोर्डकडं मान खाली घातली. सव्वाबारा झाले. आता सगळ्या हॉलला माहीत होतं ती कशाला उठणार ते. जो तो कागदात डोकं खुपसून बसला होता, आणि तरी सगळे तिच्याकडंच बघत होते. ओढणी दोन्ही हातांनी आवळून ती बसून होती. पोरगी आता उठून गेली असती तर खाली जिन्याकडंच गेली असती, आणि कायमची.

मी उठले. झेरॉक्स मशीनपाशी एक स्टूल होतं. ते उचललं, त्या दाराबाहेर ठेवलं, चार फायली मांडीवर घेतल्या आणि हॉलकडं तोंड करून बसले. ज्यानं ज्यानं मान वर केली त्याच्याकडं मी बघितलं. माझी नजर काही गोड नाही. माना खाली गेल्या.

ती उठली. डबा घेऊन माझ्या शेजारून आत गेली. मागं कडी लागल्याचा आवाज आला.

पाचेक मिनिटांत धोतर नेसलेला एक माणूस जिना चढून आला. हातात अर्ज. एवढा मोठा हॉल ओलांडून तो सरळ बंद दारापाशी आला आणि मला, स्टुलावरच्या बाईला, विचारलं, "म्याडम हायत का आत?"

"आहेत," मी म्हणाले. "मीटिंगमध्ये आहेत. बसा तिकडं बाकावर."

"लई येळ लागंल का?"

"लागू द्या की," मी म्हणाले, आणि स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढून घेतलं.