कोतवालाच्या बुकातल्या दोन मुली

चंद्रपूरच्या एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये मी तीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण चौथी, तीही ढकलत ढकलत. लोक म्हणतात, "गणपतभाऊ, तुमच्यापाशी किस्से लय." माझ्यापाशी कुठले? लोक आपला आजा-पणजा शोधायला यायचे आणि अर्धी गोष्ट माझ्या टेबलावर सोडून निघून जायचे. न्यायला कोणी परत येत नाही. मग साचतात.

*

पूर्वी गावातलं जन्म-मरण कोतवाल लिहायचा. त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. बापाचं नाव, जात, तारीख, आणि मुलगा की मुलगी. संपलं. नव्वदनंतर जातीच्या दाखल्यासाठी त्या बुकांसमोर रांगा लागायच्या.

गोंडपिपरीचे एक गुरुजी आजाची नोंद शोधत आले. मी काढून दिली. बघतात तर नुसतं 'मुलगा'.

"नाव काऊन नाई लिहिलं?"

"गुरुजी, तीन दिवसांचा होता तो. बारसं बाकी होतं."

गुरुजी हसले. मग त्या अक्षरावरून बोट फिरवत बसले. मी त्यांच्या हातावर चापट मारली. बोटानं शाई जाते. आजा असला तरी जाते.

*

रहमानभाई जिल्दवाले आमच्याकडे फाटकी बुकं बांधायला यायचे. एकदा साताठ सुटी पानं सापडली. कोणत्या गावाची, पत्ता नाही. नवा क्लार्क म्हणाला, फेकून द्या.

रहमानभाईंनी एकेक पान उजेडात धरलं. किडा बुक खातो तो आरपार खातो, एका पानात थांबत नाही. भोकावर भोक जुळवत त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळी पानं आपापल्या बुकात बसवली.

क्लार्क म्हणाला, "चाचा, हे कोणी शिकवलं?"

"किड्यानं. तो तुह्यासारखी सुट्टी नाई घेत."

*

मी रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ऑफिसातून निरोप आला, एक परदेशी बाई आली आहे, गठ्ठा सापडत नाही. मी गेलो. पन्नाशीची बाई, नाव नोरा. सोबत रहमानभाई, आणि दुभाषी म्हणून त्यांच्या घरच्या फरीदा मॅडम. त्या शाळेत इंग्रजी शिकवत.

मी म्हटलं, "तर या इंग्रजबाईले काय पाह्यजे?"

फरीदा मॅडमनी सांगायच्या आधीच तिला 'इंग्रज' हा शब्द कळला. तिने हातातलं बुक खाली ठेवलं आणि चांगली पाच मिनिटं बोलली. मॅडम म्हणाल्या, "त्या आयर्लंडच्या आहेत. इंग्रजांनी त्यांच्यावरही राज्य केलं. परत इंग्रज म्हणू नका म्हणतात."

रहमानभाई म्हणाले, "म्हणजे आपल्याच गठ्ठ्यातली हाय."

तिचा आजा इथे रेल्वेसाठी सागाचे स्लीपर कापून घ्यायला आला होता. जंगलातल्या कॅम्पवर एका मजूर बाईला दिवस गेले आणि हा गडी तिला सोडून गावी परतला. तिकडे लग्न केलं. म्हातारपणी एका चिठ्ठीत कबूल केलं. आता नोराचा बाप ऐंशीचा, अंथरुणाला खिळलेला. त्याला एकच जाणायचं होतं, ते लेकरू जगलं का?

*

चिठ्ठीत गावाचं नाव होतं, साल होतं. मी बुक काढलं. त्या सालात गोरा बाप कुठेच नाही. नोराचा चेहरा उतरला.

मग मला एक गंमत दिसली. कोतवालाच्या स्वतःच्या नावावर त्या साली दोन मुली. एक ज्येष्ठातली, एक कार्तिकातली. मधे पाच महिने.

रहमानभाई म्हणाले, "दोन बायका असतीन."

मी मरणाची पानं उलटली. दुसऱ्या मुलीनंतर दोन दिवसांनी नोंद: बाई, वय अंदाजे वीस, कॅम्पवरची मजूर, बाळंतपणात. तिचं लेकरू कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. म्हणजे कोतवालाच्या नावावरची ती दुसरी मुलगी.

खोटी नोंद दिसली की मी लिहिणाऱ्याला शिव्या देत आलो. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले.

*

गावात जाऊन विचारलं. कोतवालाची पहिली मुलगी लहानपणीच देवीत गेली होती. दुसरी जिवंत होती. तुळसाबाई. डोळे पिंगट, जीभ तिखट.

आम्ही चौघं तिच्या अंगणात बसलो. सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. गालाच्या आतून कापूस फिरवून न्यायचा, तिकडे नोराच्या बापाच्या कापसाशी ताडून बघायचा, त्याला डीएनए म्हणतात, हे फरीदा मॅडमनी तीनदा समजावलं. शेवटी रहमानभाई म्हणाले, "बाई, किड्याच्या भोकासारखं असते. एकाच बुकाचं पान असन तं जुळते."

तुळसाबाई म्हणाली, "कापूस तं मेल्यावर घालतेत. मी अजून जिती हावो."

नोराने बापाचा फोटो पुढे केला. तुळसाबाईने तो लांब धरून बघितला.

"हा वाट पाहून राह्यला?"

"हो."

"मंग घाला. मरणाऱ्याले नाई म्हणू नोय. पण एक आयका. काईबी निघो, माहा बाप कोतवालच ऱ्हाईन. त्याचं नाव खोडलं तं एकेकाले पाहून घेईन."

मी म्हटलं, "बाई, खोडाले कोणाची हिंमत हाय?"

*

श्रावणात नोरा कापूस घेऊन गेली. दिवाळीच्या तोंडावर रहमानभाईंच्या मोबाईलवर फोन आला. जुळलं होतं. बाप एक, आया दोन.

आम्ही तसेच जीपने गावी गेलो. तुळसाबाईच्या कानाला मोबाईल लावला. तिकडून म्हाताऱ्याचा नुसता श्वास यायचा. ही ओरडून म्हणाली, "जेवता काय टायमावर?"

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. मग त्याने काहीतरी सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "ते म्हणतात, आजपासून जेवीन."

*

भाऊबीजेला मी आणि रहमानभाई मुद्दाम गेलो. नोराने पाठवलेला म्हाताऱ्याचा मोठा फोटो पाटावर ठेवला होता. खाली टोपी, सुपारी, करंज्या. तुळसाबाईने नवं लुगडं नेसून ताट तयार केलं होतं.

भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. तिने जन्मभर तेच केलं होतं. म्हणून सुनेने सवयीने दारातून हाक दिली, "सासूबाई, चांद निंघाला. ताट आणा."

तुळसाबाईने निरांजन फोटोसमोर फिरवलं. मान वळवली नाही.

"त्याले म्हणा, पुढच्या घरी जाय. माहा भाऊ आला हाये."