एक नंबरची सही

मुलांनो, शाळेच्या प्रोजेक्टसाठी लिहिलेलं त्या जुन्या ऑस्ट्रेलियन कामगार पुढाऱ्याचं चरित्र तुम्ही मेलबर्नहून पाठवलंत आणि इंग्रजी तपासायला सांगितलंत. इथे आखातात, अल हैलला, जेवणाच्या टेबलावर मी लाल पेन घेऊन बसले. एका वाक्यापाशी पेन थांबलं. खाणीत असताना त्याने मालकाला अर्ज दिला, तेव्हा सगळ्यांच्या सह्या गोलात घेतल्या होत्या. पहिली सही कोणाची, हे मालकाला कळू नये म्हणून.

मला हे दोन वर्षं आधी कळायला हवं होतं.

तेव्हा इथल्याच दार्सैत भागात राहणारे कोकणातले अकरा वेल्डर माझ्याकडे आले होते. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा नियम त्यांची कंपनी पाळत नव्हती. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, खाली पट्टीने रेघा आखल्या, एक ते अकरा आकडे घातले. आजीचा नीटनेटकेपणा तुम्हाला ठाऊक आहे. गुहागरचा एक जण जवळ उभा होता, त्याला म्हटलं, तू एक नंबरवर कर.

अर्ज त्यांच्या फोरमनने मागून घेतला. तोही मराठीच. अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, मी बोलतो म्हणाला. बोलला ते एवढंच, की एक नंबरचा माणूस बाकीच्यांना चिथावतो. आठवड्याच्या आत गुहागरवाल्याला परत पाठवलं. फोरमन मॅनेजर झाला.

यंदा एक मेच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने त्याचाच सत्कार ठरवला, कामगारांचा माणूस म्हणून. मानपत्र लिहायला माझ्याकडे आले. मी लगेच हो म्हटलं.

मानपत्र वाचून होईपर्यंत सत्कारमूर्तीला उभं राहावं लागतं. खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन तो उभा राहिला. मी सावकाश वाचलं. थोरामोठ्यांशी तुलना करायची पद्धत असते, म्हणून तुमच्या पुढाऱ्यापासून सुरुवात केली. खाणीतून वर आला, कामगारांनी निवडून दिला. मॅनेजर हसत होता. मग वाचलं, की निवडून आल्यावर त्याच पुढाऱ्याने आशियातल्या कामगारांना देशात घेऊ नका म्हणून भाषणं केली. हसू गेलं. शेवटी त्या अर्जाची हकिकत, आणि गुहागरच्या माणसाचं पूर्ण नाव. बाकी दहांची नावं घातली नाहीत, तेवढं शिकले होते.

मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच ‘खलास’ म्हणालं.

मॅनेजरने मला जिन्यात गाठलं. ‘काकू, हे सगळ्यांसमोर?’

‘मग कुठे? तुमच्या अर्बाबसमोर?’

मानपत्राची फ्रेम तो खुर्चीवरच टाकून गेला. मी ती गुहागरला पाठवली. नोकरी त्यामुळे परत येत नाही. पण फ्रेम दारासमोरच लावली आहे, असा फोन आला, आणि मी दिवसभर खुशीत होते. तुमची आई म्हणते, आता सोडून द्या. मी सोडत नाही.

प्रोजेक्टमध्ये पुढाऱ्याच्या नावाआधीचा ‘ग्रेट’ मी खोडला आहे. परत घालू नका.