आमच्या गल्लीतला ‘पास’

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या इंग्रजीच्या क्लासचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. ते अंगाला चिकटत गेले. माझ्या क्लासला येणाऱ्या बहुतेक बायका दुपारभर घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापतात. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये येतात तेव्हा कुणाच्या पदराला गुलाबी धागा, कुणाच्या केसांत जर. क्लास सुटला की मी हॉल झाडते, आणि तरी घरी गेल्यावर माझ्या ओढणीवर दोन-चार सापडतातच! किस्स्यांचंही तसंच झालं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या मते त्यानंतर मुलीचं फक्त लग्न उरतं. मी म्हटलं, त्याआधी जरा शिकवते. तर हे सगळे किस्से एकाच शब्दाचे. एवढासा शब्द. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत उरकेल!

* * *

फळ्यावर ‘पास’ लिहिलं आणि विचारलं, “ह्याचा अर्थ काय?”

“त्यात काय विचारतेस? बसचा!” शोभा मावशी म्हणाली. मावशी वर्गात सगळ्यात मोठी आणि उत्तर द्यायला सगळ्यात पुढे.

मग काय, सगळ्याच सुटल्या. टाइमपास. गरब्याचा पास. महापालिकेत घराचा नकाशा पास होतो, तो. मिलमध्ये कापड तपासून पास करतात, ते. पोरं बॉल पास करतात, ते. मी लिहितेय, लिहितेय, फळा संपला! ‘आम्हाला इंग्रजीतलं काही येत नाही गं’ म्हणणाऱ्या ह्या बायका वर्षानुवर्षं त्या शब्दात राहत होत्या, नि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी मागच्या सतरंजीवरून हळूच आवाज आला, “दहावी.”

ती उज्ज्वला वहिनी. माझ्या शेजारची. नववीनंतर शाळा सुटली, मग लग्न. आता अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय, आणि त्याला दहावी पास लागते. परीक्षेचा फॉर्म तिने गुपचूप भरला होता. बाकी सगळं झालं होतं, फक्त सासऱ्यांना सांगायचं राहिलं होतं.

* * *

गरब्याच्या पासवरून आठवलं. नवरात्रात मावशी मैदानाच्या गेटवर पोचली. गेटवरच्या पोराने पास उलटापालटा करून पाहिला.

“मासी, हा तर मागच्या वर्षीचा आहे!”

“पास मागच्या वर्षीचा असेल रे, पण नाचणारी तीच आहे ना?”

पोराने सोडलं तिला आत! मी मागे नवा कोरा पास हातात धरून रांगेत उभी. बी.ए. पास.

* * *

एकदा मी शिकवलं की कुणी वारलं तर इंग्रजीत ‘पास्ड अवे’ म्हणतात. मेला असं तोंडावर म्हणत नाहीत, पुढे निघून गेला म्हणतात.

 

मग मावशी म्हणाली, “म्हणजे तिथे सगळेच पास? नापास कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

उज्ज्वला वहिनी वहीतून मान वर न काढता म्हणाली, “मग इथेच कशाला एवढी परीक्षा घेतात!”

* * *

तेव्हा मीच हट्टाला पेटले. हा शब्द आला तरी कुठून? फोनवर शोधत बसले आणि जे सापडलं ते वाचून अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, “ह्या सगळ्या पासच्या मुळाशी एक जुना लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ पाऊल. पाय फाकवून टाकलेलं एक पाऊल!”

मग मी थांबलेच नाही. पासपोर्टमध्ये तेच पाऊल. रिक्षातल्या पॅसेंजरमध्ये तेच. व्याकरणातला पास्ट टेन्स, म्हणजे जो काळ पाऊल टाकून पुढे गेला तो. आणि मैल? रोमन शिपायांची हजार पावलं, डावं-उजवं मिळून एक धरून, म्हणजे एक मैल!

“आणि कंपासपेटी,” मी म्हटलं. “कंपासमध्येही पास आहे. पावलं टाकून अंतर मोजणं.”

वहिनीने पिशवीतून लेकीची कंपासपेटी काढली. तीच घेऊन यायची ती क्लासला. झाकणावरचं नाव खरवडलं गेलेलं. त्या पत्र्यावरून तिने बोट फिरवलं, जणू आत कुणीतरी चालत असावं.

“कुठल्या कुठे ते लोक,” ती म्हणाली, “आणि चालत चालत लिंबायतपर्यंत आले की!”

मला बी.ए.च्या तीन वर्षांत एकदाही असं वाटलं नव्हतं.

* * *

आता आप्पा. उज्ज्वला वहिनीचे सासरे. मूळचे धुळ्याकडचे, सुरतेत अर्धं आयुष्य गेलं तरी अहिराणी सुटलेली नाही. ते आणि वहिनी मिळून लूमच्या कारखान्यात काम करतात. नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, आला की त्याच्यावरच्या हजारो तारा एकेक करून फणीतून ओवाव्या लागतात. मागे बसलेल्याने तार पुढे द्यायची, समोरच्याने आकड्याने ओढून घ्यायची. कारखान्यात त्यालाही बीम पास करणंच म्हणतात! एकट्याचं ते काम नव्हे. जोडी लागते.

आणि ही जोडी कशी? सून सासऱ्याशी बोलत नाही, सासरा सुनेशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून, घरची रीतच तशी! डोक्यावर पदर, मध्ये तारांचा पडदा, दोघं दिवसभर समोरासमोर, आणि अवाक्षर नाही. मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

परीक्षेचं सांगायला वहिनी मला घेऊन गेली. आप्पा खाटेवर, वहिनी चुलीशी, मध्ये मी.

“आप्पा, वहिनीला दहावीला बसायचंय.”

“तिले सांग,” आप्पा म्हणाले, “मंग बीम कोन पास करी?”

वहिनी चार हातांवर उभी! तरी मला म्हणाली, “त्यांना सांग, फक्त पेपरच्या दिवशी नसेन.”

“तिले सांग, मालक थांबस का पेपरसाठी? दुसरी जोडी बसाडी दी तो.”

“मी काय पोस्टमन आहे का?” मी ओरडले. “दोघांनाही कान आहेत ना!”

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, दारात उभा होता. त्याची हरकत नव्हती. वडिलांसमोर ते म्हणायची हिंमतही नव्हती. त्याने चपला घातल्या आणि पांडेसऱ्याला मिलमध्ये ड्युटीवर निघून गेला. ड्युटीला अजून दोन तास होते!

माझं तोंड मग आवरेना. “ठीक आहे आप्पा! पेपरच्या दिवशी वहिनीच्या जागी मी बसेन.”

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तू? तुले गप बठता येस का?”

* * *

नाही येत. खोटं कशाला सांगू?

गणिताच्या पेपरला वहिनी तिकडे, मी इकडे बीममागे. आजूबाजूला लूमचा असा खडखडाट की स्वतःचा विचारही ऐकू येईना. तरी मी बोलत होते. आप्पा, बायकांना शिकू का देत नाही? आप्पा, सुनेशी बोललं तर आभाळ कोसळतं का? आप्पा आपले आकडा घालतात, तार ओढतात, आकडा घालतात, तार ओढतात. मी बोलण्याच्या नादात एक तार चुकीची दिली. त्यांनी आकडा थांबवला.

“ही नापास.”

मग मात्र मी गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर दिसायला लागलं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्या हजारो तारा एकदम पेटल्यासारख्या चमकत होत्या. पाण्यात बघावं तसे आप्पा पलीकडे हलत होते. अजून कापड नाही, नुसती तार. कुणाच्या तरी अंगावर जाणारी साडी अजून उभ्या रेघांमध्ये होती. केवढं हे! रोज हे बघत वहिनी इथे बसते आणि घरी जाऊन भाकरी करते?

माझा हात थांबला. आप्पांनी तार हलकेच ओढली, एकदा. कुणी न सांगता मला समजलं, पुढची दे म्हणताहेत. मी दिली.

सगळे पेपर होईपर्यंत मी जात राहिले. मालकाने दुसरी जोडी बसवली नाही. बोटांना चिरा पडल्या. बोलणं कमी झालं असं आईचं मत आहे.

* * *

निकालाच्या दिवशी सकाळपासून सगळा क्लास वहिनीच्या ओट्यावर. साइट उघडेना. नंबर टाकला की चक्र गोल गोल फिरत राहायचं. मावशी म्हणाली, “आमच्या बाळंतपणाला एवढा वेळ नाही लागला गं!”

वहिनी दाराला टेकून खाली बसली होती. हात मांडीत घट्ट धरलेले. परत फॉर्म भरायला आप्पा काही होकार देणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. तिला तर पक्कं.

पान उघडलं. मी आधी खालची ओळ वाचली, मग वरचं नाव, मग पुन्हा खालची ओळ. इंग्रजीत काठावर, माझं नाक कापता कापता राहिलं. गणितात मात्र सगळ्यात जास्त!

मी किंचाळले. मावशी किंचाळली. मावशीने वहिनीला उठवून उभं केलं, तर ती पुन्हा बसली. कुणीतरी साखर आणायला पळालं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आप्पा दिसले. आज दुसऱ्याच कुणाच्या जोडीला बसले होते, कारखान्यातून मधेच उठून आले होते. शर्टावर, मिशांवर कापसाची भुकटी. ओट्यापाशी येऊन थांबले. वहिनी पदर ओढत उभी राहिली.

“काय व्हयनं?” आप्पांनी विचारलं.

“आप्पा, पास!” मी उडी मारून म्हटलं. “वहिनीला सांगा, तुम्हाला आनंद—”

आप्पांनी हात वर केला. माझ्याकडे बघितलंही नाही.

“तुले कोनी इचारं?” ते म्हणाले. “मी तिले इचारी ऱ्हायनू.”