चुलतभावाचं व्हीपीएन

मंडळी, आज मी सख्ख्या चुलतभावावर जळून राह्यलो.

सकाळी जाफराबादच्या चहाच्या टपरीवर आमचा इंटरनेटवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय भाऊ, लग्नाच्या साइटी जोरात चालू हायेत!" मी काय उघडतो ते त्याला तिकडं बराबर दिसतं. तिथंच दोघांनी मला स्थळं सुचवली.

पुण्याहून आलेला चुलतभाऊ कंपनीच्या लॅपटॉपवर, माझ्याच लाइनवर, त्याच साइटी बघतो. पण त्याचं काहीच दिसत न्हाई. "साहेबांच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन हाय, सगळं बंद पाकिटात जातं," इंटरनेटवाला आदरानं बोलला.

घरी येऊन भावावर चिडलो, तर तो हसला. "अरे, ते पाकीट कंपनीतच उघडतं, माझं सगळं कंपनीला दिसतं."

दिसू दे ना! तुम्हीच सांगा, कंपनी काय आपल्या टपरीवर चहा प्यायला येते?