वरचा मध्यम

लोकांना दात बसवून देणाऱ्या माणसाचीच ऐन वेळी दातखिळी बसावी, ही थट्टा दैवालाच सुचू शकते. दैवाला दुसरं कामच काय असतं म्हणा!

हा माणूस कवळ्या करायचा. डॉक्टर नव्हे हं. डॉक्टर तोंडात डोकावतो, माप घेतो आणि ते माप डब्यात घालून धाडून देतो. पुढे एखाद्या लांबट खोलीत बाकावर वाकून बसलेला कुणीतरी त्या मापात प्लास्टर ओततो, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो आणि मेणात एकेक दात रोवत जातो. तो कुणीतरी म्हणजे हा. सगळे त्याला बत्तीशीकाका म्हणत. मिसरूड फुटायच्या आधी काका त्या खोलीत प्लास्टर ओतायला लागले, आणि मिशा पांढऱ्या झाल्या तेव्हा बाकाच्या उजेडाकडच्या टोकाला त्यांची खुर्ची होती. प्लास्टरच्या कोपऱ्यापासून त्या खुर्चीपर्यंतचं अंतर दहा पावलांचं, पण काकांना ते चालायला अर्धं आयुष्य लागलं होतं.

दातांइतकंच त्यांना बोलण्याचं वेड. एकदा एक वकीलसाहेब आले. नवी कवळी घालून 'साक्षीदार' म्हणायला गेले की शीळ वाजायची, आणि कोर्टात जज्जसाहेब इकडं तिकडं बघायचे, कोण शीळ घालतंय म्हणून. काकांनी त्यांना समोर बसवलं, 'सासूने सशाला सारखं शिकवलं' असं घोकायला लावलं, पुढच्या दोन दातांना मागून किंचित घासलं, पुन्हा घोकायला लावलं, पुन्हा घासलं. शीळ गेली. आठवड्याने वकीलसाहेब आले आणि म्हणाले, "काका, शीळ गेली, पण खटलाही गेला. त्या शिळेने निदान समोरचा वकील तरी बिचकायचा!"

असे सुखाचे दिवस चालले असताना मालकांनी नवं मशीन आणायचं ठरवलं. माप नको, मेण नको, प्लास्टर नको. पडद्यावर तोंड दिसतं, पडद्यावरच दात रचायचे आणि मशीन ते कोरून देतं. चालवायला एकच माणूस लागणार. बाकीच्यांनी वरकाम करायचं, आणि वरकाम कमी झालं की घरी बसायचं. मशीन परदेशातलं, शिकवणारी बाई परदेशातली, आणि ती शिकवणार पडद्यावरून, इंग्रजीत.

मालक म्हणाले, "काका, पहिला हक्क तुमचा. पण त्या बाईंची अट आहे, इंग्रजीची ऑनलाइन परीक्षा द्यायची. वरच्या मध्यम पातळीची."

"वरचा मध्यम म्हणजे पुढचा मधला दात की हो!" काका म्हणाले. "तो तर मी डोळे मिटून बसवतो."

खोली हसली. काकाही हसले, पण वरवर. काकांचं इंग्रजी डब्यावरची लेबलं वाचण्यापुरतं. आणि परीक्षेला दुसरं नाव होतं ते त्यांच्या जावयाचं.

जावईबापूंना त्या खोलीत काकांनीच आणलं होतं. लग्नाआधी पोरगा इकडं तिकडं धडपडत होता. इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलायला गोड. काकांनी मालकांपाशी दातांच्या कण्या करून त्याला बाकावर जागा मिळवून दिली, शेजारी बसवून हात धरून शिकवलं. जावई त्यांना 'मामा' म्हणायचा आणि काका त्याला 'अहोजाहो' करायचे, रीतच तशी.

अभ्यास घेतला तो मुलीने. दोन गल्ल्या पलीकडे तिचं घर. संध्याकाळी स्वयंपाक उरकून ती यायची, बापाच्या फोनवर धडे उघडून द्यायची, कानात घालायच्या दोन बोंडक्या तिनेच आणलेल्या.

"बाबा, आधी नुसतं ऐका. मग वाक्य बघा. मग वाक्य झाकून पुन्हा ऐका."

"आणि मग?"

"मग झोपा."

ऐकणं हे काकांचं खरं दुखणं. घासायच्या चाकाजवळ उभा जन्म गेला होता, कानांना बारीक आवाज पकडता येत नव्हते. धड्यातला कुणीतरी गृहस्थ हॉटेलात कोट विसरून यायचा आणि फोनवर त्याची चौकशी करायचा. कोटाचा रंग कोणता, हे सांगायचं. काकांना पहिल्यांदा कोटच ऐकू आला नाही, ऐकू आलं ते 'गोट', आणि त्यांना वाटलं गृहस्थ बकरी हरवून आलाय. मग त्यांना वेग कमी करायचं बटण सापडलं. पाऊण वेगात ते इंग्रज दारू प्यायल्यासारखे बोलायचे, पण शब्द सुटे व्हायचे, मेणातून दात वर यावेत तसे. काका एकच संभाषण इतक्यांदा ऐकायचे की बायको आतून म्हणायची, "अहो, मिळाला का त्याचा कोट? मिळाला असेल तर जेवायला या."

व्याकरणात मात्र काकांना गोडी लागली. असं झालं असतं तर तसं झालं असतं, याचा इंग्रजीत एक अख्खा धडा आहे हे कळल्यावर ते बायकोला म्हणाले, "बघ, पश्चात्ताप करायलाही त्यांनी व्याकरण ठेवलंय. आपण आपले नुसते कपाळावर हात मारतो." दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून कसं सांगायचं, तो धडा त्यांनी पुन्हा पुन्हा सोडवला. तो म्हणाला की, ती म्हणाली की. 'वुड यू माइंड'चाही धडा झाला. 'माइंड' म्हणजे मन नव्हे, हरकत. 'वुड यू माइंड' म्हणजे तुमची हरकत आहे का. गाळलेल्या जागा काकांनी सगळ्या बरोबर भरल्या, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली की मुलगी टाळी द्यायची.

परीक्षा झाली. काका पास! जावईही पास, आणि त्याचे गुण जास्त, पण पास तो पास. बायकोने शेजारी जाऊन सांगितलं, "आमच्याकडे आता इंग्रजीत घोरतात."

राहिली ती बाईंशी शेवटची भेट. मालकांच्या केबिनमध्ये पडदा लावला. मालक बाहेर कुणा डॉक्टरांच्या फोनवर अडकलेले. आत दोघंच, सासरा आणि जावई, खुर्चीला खुर्ची लावून. पडद्यावर बाई आल्या. हसऱ्या, गोड, आणि बोलायला अशा भरधाव की वेग कमी करायचं बटण काकांनी टेबलावर नजरेने शोधलं.

कामाचं विचारलं, ते काकांनी सांगितलं. किती वर्षं करता, तेही सांगितलं. मग बाई थोड्या पुढे झुकल्या आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. काकांच्या कानात त्यातले तीनच तुकडे पडले: माइंड, तुमचे जावई, मशीन. एवढ्यावरून काकांनी अर्थ ओळखला, आणि खरं तर बरोबर ओळखला. मशीन जावयाला दिलं तर, असं बाई विचारत होत्या. एवढ्या धड्यांत जे शिकले ते सगळं त्या एका क्षणाला पळून गेलं, आणि तोंडात राहिला तो आपल्याकडचा साधा नकार. नाही! असं करू नका! काका मोठ्याने म्हणाले, "नो!"

बाईंचा चेहरा उजळला.

काकांना वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी टेबलावर हात आपटला. "नो, नो! नो!"

बाईंनी छातीवर हात ठेवला आणि आणखी काही गोड बोलल्या. मग जावयाकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं, जावई काहीतरी बोलला. काकांचे कान तेव्हा भणभणत होते.

घरी येऊन काका ताठ मानेने म्हणाले, "ठणकावून सांगितलं. तीन-चारदा सांगितलं."

"रागावल्या नाहीत?" बायकोने विचारलं.

"छे! हसल्या. माणसं सुसंस्कृत."

दुसऱ्या दिवशी मालकांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, मोठं मन दाखवलंत. बाई म्हणाल्या, असा माणूस पाहिला नाही."

"कसलं मन?"

"जावयासाठी मशीन सोडलंत!"

"मी? मी तर नाही म्हणालो. टेबल आपटून नाही म्हणालो!"

मालकांना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांचं हसू आवरेना. "अहो काका, त्यांनी विचारलं, तुमची हरकत आहे का? तुम्ही म्हणालात, नाही. नाही म्हणजे हरकत नाही. जितकं जोरात नाही, तितकं जोरात हो!"

"मग त्यांना कळवा की."

"नाव गेलं आता, काका. कागद झाले. पुन्हा बदललं तर आपलंच हसं होईल." मालकांनी खांद्यावर थोपटलं. "आणि जावईच आहेत ना? परके थोडेच?"

काका बाकाकडे परतले. नव्या मांडणीत उजेडाकडच्या टोकाला मशीन बसणार होतं, आणि काकांची खुर्ची उचलून प्लास्टरच्या कोपऱ्यात ठेवली होती. खोलीला नवी गंमत मिळाली. कुणी चहा घेऊन आलं की विचारायचं, "काका, चहा नको ना?" काका हो म्हणाले तरी हशा, नाही म्हणाले तरी हशा.

एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. चूक आपली म्हणून माणूस गिळून टाकतो. पण बाईंनी त्या भेटीचं रेकॉर्डिंग तिघांनाही पाठवलं होतं, आणि काकांना शिकल्याची खाज. नेमकं कुठं चुकलो ते ऐकू या, म्हणून सुट्टीच्या दुपारी त्यांनी बोंडक्या कानात घातल्या आणि वेग पाऊण केला. बाईंचं लांब वाक्य आलं. आता त्यातला शब्द न् शब्द कळत होता. आपलं 'नो' आलं. पाऊण वेगात ते रेड्याच्या रेकण्यासारखं वाटलं, आणि काकांना स्वतःचंच हसू आलं. मग बाईंनी जावयाला विचारलेलं आलं. त्यांची खरंच हरकत नाही ना? नक्की?

आणि जावयाचा आवाज आला, स्वच्छ, शाळेत घोटलेला. नाही, त्यांची हरकत नाही. त्यांनी मला स्वतः तसं सांगितलंय.

काकांनी ते पुन्हा ऐकलं. वेग आणखी कमी करून ऐकलं. त्यांना वाटलं, कान फसवत असतील. पण या एका जागी कान फसवत नव्हते. तो म्हणाला की, मी म्हणालो की. त्या धड्यातलं वाक्य जावयाने कसं बिनचूक केलं होतं! चूक फक्त एवढीच, की काकांनी असलं काही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी सगळे जेवायला उठले तेव्हा काका नव्याने बसलेल्या मशीनपाशी गेले. जावई तिथे एकटाच होता.

"जावईबापू, बाईंनी तुम्हाला विचारलं होतं. ऐकलं मी."

जावयाने पडद्यावरून मान वळवली नाही. तसाच म्हणाला, "मामा, तुमची अशी किती वर्षं राहिलीत? मला अख्खा जन्म काढायचाय. घरातच राहिलं ना शेवटी?"

"मग तसं मला आधी विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," काका म्हणाले, "म्हणालो असतो."

"तेच तर," जावई म्हणाला आणि पडद्यावरचा दात बोटाने सरकवून नीट केला. मग हळूच म्हणाला, "हिला काही बोलू नका, मामा. उगाच जिवाला लावून घेईल."

संध्याकाळी मुलगी आली. घाईघाईने चप्पल काढत म्हणाली, "बाबा, तोंड पाडून बसायचं नाही. ते बाईंचं रेकॉर्डिंग लावा. दोघं मिळून ऐकू, कुठं गोंधळ झाला ते एकदा कळलं की पुन्हा होणार नाही. सरावाला याहून चांगलं काय?"

काका म्हणाले, "पुसलं."

"काय पुसलं?"

"रेकॉर्डिंग. धडेही काढून टाकले. बास झालं."

मुलीला आधी खरं वाटेना. तिने फोन हातात घेतला, वरखाली चाळला. कशाचाच मागमूस नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याबरोबर राग.

"एक चूक झाली, तर लगेच हात टेकलेत? रोज घरचं सगळं टाकून येत होते मी! सासूबाईंची बोलणी खाऊन!"

"माझ्याच्यानं नाही होत गं आता."

"होत नाही म्हणे! तुम्हाला करायचंच नाहीये. सरळ सांगा ना तसं." तिने बोंडक्यांची तार गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. "तुमच्या जावयाकडे बघा जरा. कामावरून येऊन रात्री मशीनचं पुस्तक घेऊन बसतात. त्यांच्याकडून तरी शिका काहीतरी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस एरवी एका शब्दाला चार गोष्टी सांगणारा. आता तो आपल्या हातावरची प्लास्टरची पांढरी पूड नखाने खरवडत बसला होता.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. जावई तिला न्यायला आला होता. मुलगी पर्स खांद्याला लावून जिना उतरली. काका उठून खिडकीशी गेले. जावयाने वर पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा घाबरा झाला. वर काय बोलणं झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काळोख आहे," काका वरून म्हणाले. "तिला नीट धरून बसू द्या. सावकाश चालवा, जावईबापू."