मी लिहून दिलेला पत्ता

ज्या देशांत राजवट बदललीय, जुने साहेब गेलेत आणि नवे अजून खुर्चीत नीट टेकलेले नाहीत, तिथल्या सरकारी कचेऱ्या कशा सुधाराव्यात याचा अभ्यास करणं हे माझं पोटापाण्याचं काम. ऐरोलीतल्या घरी बसून, अशा एकाही देशात पाऊल न ठेवता, मी ते ठणकावून करते. सध्या लिहीत असलेल्या अहवालातली माझी लाडकी शिफारस होती: दाखल्यासाठी गल्लीतल्या पुढाऱ्याची चिठ्ठी मागू नये. कर्मचाऱ्याने घरी जाऊन पाहावं आणि दाखला द्यावा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दिघ्याला राहतात. त्यांच्या लेकीला नर्सिंगची जागा मिळाली होती, पण शुक्रवारपर्यंत रहिवासी दाखला दिला नाही तर जागा जाणार होती. माजी नगरसेवकाचं पत्र जोडलं की काम होतं, असं गल्लीत सगळे सांगत. त्यांची मुदत कधीच संपली होती, लेटरहेड मात्र अजून चालत होतं.

"भाऊंचं पत्र आणू का, ताई?"

"अजिबात नाही," मी फणकारले. "नियमात कुठे लिहिलंय? माणूस येईल, घर बघेल, दाखला देईल."

मावशींनी ऐकलं. दिवसभर कागदांत डोकं घालून बसणारी बाई चुकीचं कशाला सांगेल, असं त्यांना वाटलं असावं.

माणूस खरंच आला. मंगळवारी सकाळी अकराला. तेव्हा मावशी माझ्या ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या, नवरा कंपनीत, लेक क्लासला. दाराला कुलूप. शेजारणीने सांगून पाहिलं, पण ऐकीव माहितीवर दाखला देता येत नाही. अर्जावर शेरा पडला: रहिवास आढळला नाही.

"आढळला नाही म्हंजे? अठरा वर्षं आमी काय हवेत राहतो का?" मावशी रडायलाच लागल्या.

मला भयंकर राग आला, पण कोणाचा ते कळेना. त्या माणसाने तर शब्दशः माझी शिफारस पाळली होती. भाऊंकडे धावलो, तर ते लग्नाला साताऱ्याला गेलेले.

गुरुवारी मी भांडायच्या तयारीने मावशींबरोबर कचेरीच्या खिडकीवर गेले. कारकून शांतपणे म्हणाला, "टेन्शन कशाला घेता, मॅडम? कुणातरी जबाबदार माणसाचं पत्र द्या. तुमी काय करता?"

मी सांगितलं.

"मग तुमीच द्या की."

माझ्या फाइलमध्ये आमच्या संस्थेचं लेटरहेड होतं. तिथेच उभ्याने लिहिलं: 'मी यांना व्यक्तिशः ओळखते. त्या गेली अठरा वर्षं वरील पत्त्यावर राहतात.' खाली सही ठोकली. संध्याकाळी दाखला हातात. शुक्रवारी लेकीचा प्रवेश पक्का झाला आणि मावशी पेढे घेऊन आल्या.

मला आनंद झाला, लाजही वाटली, आणि दोन्हींतलं काय खरं ते अजून उमगत नाही. अहवाल तसाच पडून आहे. मावशी सहा वर्षं माझ्या घरी येतात. मी त्यांच्याकडे एकदाही गेलेले नाही. पत्रावर घालायला पत्तासुद्धा त्यांनाच विचारावा लागला. पाहणीला आलेला तो माणूस निदान त्यांच्या दारापर्यंत तरी गेला होता.