शेगडीची आंघोळ

चेस्टनट हे फळ मी आयुष्यात एकदाच खाल्लं, तेही कच्चं. त्या संध्याकाळबद्दल लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनी मला अभ्यासाला बसायला खोली दिली होती. पण खोली दिली हे जितकं खरं, तितकंच पुढचंही खरं आहे.

आम्ही कलकत्त्याच्या बेहाला भागात राहत होतो. आबा सोनं-चांदी गाळायचे. सांगलीकडच्या कोरड्या गावांतून या धंद्यात बाहेर पडलेली पुष्कळ माणसं देशभर आहेत, त्यांतले आम्ही. पुढे भट्टी, मागे एक खोली. ॲसिडचा वास घरात कायमचा असे आणि वीज गेली की पंखा बंद, मग धूर आणि अंधार दोन्ही. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली तेव्हा आबा हात जोडून काकांकडे गेले. काका नात्यातले नव्हेत, दिल्लीहून बदलून आलेले मोठे मराठी सरकारी अधिकारी, जवळच्याच सरकारी वसाहतीत राहणारे. "पाठवा की पोरीला, आपल्या माणसांनी नाही करायचं तर कुणी?" असं काका म्हणाले. तेव्हापासून दुपारी त्यांच्या मागच्या खोलीत मी टेबलाशी बसू लागले. दार लावता येणारी खोली मला पहिल्यांदाच मिळाली होती.

त्या हिवाळ्यात काका विलायतेला ट्रेनिंगला जाऊन आले आणि येताना चेस्टनट घेऊन आले. काळसर तपकिरी, गुळगुळीत, आपल्या रिठ्यांहून थोडे मोठे. लंडनच्या फूटपाथवर कोळशाच्या निखाऱ्यांवर भाजून विकतात, हे त्यांनी आठवड्यात कितीदा तरी सांगितलं. बेहालाच्या फूटपाथवर मक्याची कणसं भाजणारा म्हातारा बसायचा, त्याच्याकडून आपल्या मुलांनी काही घेतलेलं काकांना चालत नसे. धुळीचे जंतू असतात म्हणे. लंडनला बहुधा धूळ नसावी.

काकूंकडे गॅस होता. कोळसा नव्हता, शेगडीही नव्हती. "अगं, तुमच्याकडे असेल ना?" काकू म्हणाल्या. मी रिक्षात घालून आमची शेगडी आणली, लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली. सोबत आबांच्या भट्टीतला लाकडी कोळसा.

कलकत्त्यातली चार मराठी कुटुंबं बोलावली होती. दिवस नेमका संकष्टीचा, त्यामुळे आधी वाद झाला तो चेस्टनट उपवासाला चालतो का, याचा.

"पोथीत नाव नाही," एक आजी म्हणाल्या.

"बटाट्याचं तरी कुठंय?" बँकेतले एक गृहस्थ म्हणाले. "बटाटा फिरंग्यांनी आणला, साबुदाणा बाहेरचा. उपवासाला सगळं विलायतीच चालतं, आजी. चालत नाही ती आपली भाकरी!"

सगळे हसले. चेस्टनट पास झाला. मग काकूंचं लक्ष शेगडीकडे गेलं.

"अगं, एक विचारू? यावर... म्हणजे तुमच्याकडे सगळंच चालतं ना?"

"हो काकू. रविवारी मटण झालं होतं."

खोटं बोलायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. काकूंनी शेगडी मोरीत न्यायला सांगितली. मी अडखळत म्हटलं, "काकू, आत माती आहे, भिजली तर पेटायची नाही." "सुकते गं आगीनं," त्या म्हणाल्या. मी शेगडी मोरीत नेली. खोली माझ्या डोळ्यांसमोर होती.

शेगडीवर बादलीभर पाणी ओतलं. ते पुरेना, म्हणून देवघरातून काशीचं गंगाजल आलं. कलकत्त्याच्या नळाला गंगाच येते, पण ती त्यांच्या लेखी नळाचं पाणी. वर तुळशीचं पान ठेवलं. इंग्रजीत सही करणारी, मुलांना मिशनऱ्यांच्या शाळेत घालणारी ही माणसं एका बादलीला तीर्थ पाजत होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं.

शेगडी धड पेटली नाही. नुसता धूर. काका इंग्रजी वर्तमानपत्रानं वारा घालत होते, गळ्यात विलायतेचा नवा मफलर. मातीचे ओले गोळे सुटून कोळशावर पडत होते. फळांना चीर द्यावी लागते हे लंडन पाहून आलेल्या माणसानं पाहिलं नव्हतं. एक चेस्टनट फटकन उडाला आणि त्यांच्या चष्म्यावर बसला. बाकीचे बाहेरून काळे, आतून कच्चे राहिले. दाताखाली करकर वाजणारे, तुरट.

"वा! काय वेगळीच चव!" बँकेतले गृहस्थ म्हणाले.

"तिकडे अशीच लागते," काका म्हणाले.

सगळ्यांनी ते चावून चावून खाल्ले. खाली टाकायला एकही तयार नव्हता. काकूंनी मात्र चेस्टनट न खाता चंद्रोदयानंतर वरणभातानंच उपवास सोडला.

मी शेगडी उचलत होते तेव्हा काकू जवळ आल्या. आवाज अगदी मऊ होता. "एक लक्षात ठेव हं. तुझ्या खोलीला लागूनच देवघर आहे. ज्या दिवशी तुमच्याकडे ते होतं, त्या दिवशी नको येत जाऊस. वाईट वाटून घेऊ नकोस."

"काकू, मग मी कुठल्याच दिवशी नाही येत," मी म्हणाले.

घरी आईनं शेगडीत वाकून पाहिलं. "अगं बया! शेगडीला न्हाऊ घातलं व्हय त्यांनी? बाळंतीण हाय का ती?" हसता हसता तिनं माती कालवायला घेतली. आबा हसले नाहीत. "आन् खोलीचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते भट्टीकडे बघत म्हणाले, "उद्यापास्नं भट्टी दुपारच्याला पेटवीन. सकाळी तू बस तितं."

गिऱ्हाइकं कुरकुरली, पण परीक्षा होईपर्यंत भट्टी सकाळी थंड राहिली. गार राखेच्या वासात, ऐरणीवर वह्या ठेवून मी अभ्यास केला.

पास झाल्यावर हळदीकुंकवाला काकू भेटल्या. अत्तर लावता लावता बायकांना माझी ओळख करून देत होत्या. "ही बघा, आमच्याच खोलीत अभ्यास करून पास झाली."

राग आला असता तर बरं वाटलं असतं. मला त्यांची नुसती कीव आली, आणि कीवही फार नाही.

"नाही काकू," मी म्हटलं, "आबांच्या भट्टीवर केला."

त्यांनी माझ्या हातावर अत्तर लावलं आणि दुसऱ्या बाईकडे वळल्या.